सिगारेटऐवजी व्हेप: यंत्र आणि निकोटिनचं प्रमाण कसं जुळवायचं

दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा माणूस व्हेप, म्हणजे निकोटिनच्या लिक्विडची वाफ करणारं बॅटरीवरचं यंत्र, घेतो. "सुरुवातीला हलकंच बरं" असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून तो छोट्या पॉडमध्ये, म्हणजे लिक्विडच्या डबीत, एका मिलिलीटरला ३ मिलिग्रॅम निकोटिनचं लिक्विड भरतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सिगारेटचं पाकीट उघडतो. दुसरा एक जण १८ मिलिग्रॅमची बाटली मोठ्या, ढगच्या ढग सोडणाऱ्या टँकमध्ये ओततो. चार झुरक्यांत त्याला घाम फुटतो, उमासे येतात आणि यंत्र कायमचं कपाटात जातं. या दोघांनी बाटल्यांची अदलाबदल केली असती, तर बहुधा दोघांचंही जमलं असतं.

बाटलीवरचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. ते लिक्विड कोणत्या कॉइलवर (कापसात मुरलेलं लिक्विड तापवून वाफ करणारी तार), किती वॅटला आणि कसा झुरका घेऊन वापरणार, त्यावर शरीरात किती निकोटिन जाणार हे ठरतं. म्हणून यंत्र आणि निकोटिन यांची निवड एकत्रच करावी लागते.

हे सगळं आधीपासून सिगारेट ओढणाऱ्या आणि ती सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जो ओढतच नाही त्याने व्हेपला हात लावायला काहीही कारण नाही. निकोटिनची सवय जडायला धूर लागत नाही, वाफही पुरते. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. कायदाही देशोदेशी वेगळा आहे. युरोपीय संघात लिक्विडमध्ये एका मिलिलीटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं, अमेरिकेत ५० मिलिग्रॅमचंही मिळतं, सिंगापूरमध्ये यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि भारतात २०१९च्या कायद्याने उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे. जिथे बंदी आहे तिथे सिगारेट सोडायला निकोटिनची गम आणि पट्टी हे मार्ग आहेत. चोरट्या वाटेने आलेल्या लिक्विडमध्ये नेमकं काय आहे ते कळायला मार्ग नसतो, आणि पुढची सगळी आकडेमोड लेबल खरं असेल तरच उपयोगाची.

आधी स्वतःची सवय मोजा

काही विकत घेण्याआधी तीन दिवस कागदावर टिपण ठेवा. दिवसाला किती सिगारेटी होतात, आणि सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांनी पेटते. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त बोलका आहे. रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं. ते निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात. त्यामुळे उठल्यापासून पाच मिनिटांत ज्याचा हात पाकिटाकडे जातो त्याचं अवलंबित्व खोल आहे, मग त्याच्या सिगारेटी दिवसाला बाराच का असेनात. याउलट जेवणानंतरच पहिली ओढणाऱ्याला बरंच कमी निकोटिन पुरतं.

तिसरी गोष्टही टिपा: एकेक सिगारेट कशासाठी ओढली जाते. तलफ म्हणून, की हाताला चाळा म्हणून, की चार जण बाहेर निघाले म्हणून. चाळा म्हणून ओढलेल्या सिगारेटी निकोटिन वाढवून सुटत नाहीत.

झुरका कोणत्या जातीचा

सिगारेटचा धूर आपण आधी तोंडात घेतो आणि मग छातीत ओढतो. व्हेपमध्ये याला तोंडाचा झुरका म्हणू. हवेची वाट अरुंद असते, ओढताना गालांना जरा ताण येतो, वाफ थोडी पण दाट निकोटिनची असते. यासाठी कॉइल ०.८ ते १.२ ओहमची (ओहम म्हणजे तारेचा विजेला होणारा विरोध) आणि ताकद ८ ते १५ वॅट. दुसरी जात थेट छातीची. हवा मोकळी, श्वास घ्यावा तशी वाफ सरळ आत, ढग मोठा. कॉइल ०.१५ ते ०.४ ओहमची, ताकद ४० ते ८० वॅट. मध्ये ०.५ ते ०.७ ओहमचा एक पट्टा आहे. तिथे थेट पण जरा आवळलेला झुरका मिळतो.

ओहम कमी झाला की वाफ का वाढते, ते एका गणितात कळतं. बॅटरीचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट धरा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. १ ओहमच्या कॉइलला साधारण १३.७ वॅट मिळतात, ०.२ ओहमला ६८. पाचपट उष्णता म्हणजे एका झुरक्यात कितीतरी जास्त लिक्विडची वाफ.

सिगारेटवरून येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तोंडाच्या झुरक्यापासूनच सुरुवात करावी. ओठांची, गालांची, छातीची जुनी सवय तशीच राहते, सोडायचा असतो तो फक्त धूर. मोठे ढग आवडणाऱ्यांना ते पुढे खुशाल करून पाहता येतं.

पहिलं यंत्र घेताना चार गोष्टी बघा: रिकामं पॉड स्वतः भरता येतं का, कॉइल सुटी बदलता येते का, हवेची वाट कमीजास्त करता येते का, आणि बॅटरी तुमचा दिवस काढेल का. छोट्या पॉडला ८०० ते १००० मिलिअँपिअर-तास पुरतात. एकदा वापरून टाकून द्यायची यंत्रं टाळलेली बरी. त्यांत निकोटिन खाली आणायची सोयच नसते, आणि संपल्यावर चांगली लिथियम बॅटरी कचऱ्यात जाते.

आकडा ठरवताना

लेबलवर कधी मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर लिहिलेलं असतं, कधी टक्के. ०.३ टक्के म्हणजे ३ मिलिग्रॅम, २ टक्के म्हणजे २०, ५ टक्के म्हणजे सुमारे ५०. "२ टक्के" वाचून ते हलकं असावं असं वाटणं ही नेहमीची चूक आहे.

आता दिवसाचा हिशेब. छोट्या पॉडमध्ये दिवसाला साधारण ३ मिलिलीटर लिक्विड संपतं. ते १८ मिलिग्रॅमचं असेल तर ५४ मिलिग्रॅम निकोटिन यंत्रातून गेलं. मोठ्या टँकमध्ये १२ मिलिलीटर सहज संपतं. ते ३ मिलिग्रॅमचं असेल तर ३६. त्याच टँकमध्ये १८ मिलिग्रॅमचं भरलं तर २१६! यातलं सगळं रक्तात जात नाही, पण तुलना करायला हे आकडे पुरेसे आहेत. एका सिगारेटमधून शरीर साधारण १ ते २ मिलिग्रॅम घेतं हेही मनात असू द्या.

तोंडाच्या झुरक्यासाठी सुरुवात अशी करता येईल. दिवसाला दहापेक्षा कमी सिगारेटी आणि पहिली उठल्यावर तासाभराने: ६ ते १० मिलिग्रॅम. दहा ते वीस: १२ ते १८. वीसच्या वर, किंवा डोळे उघडताच पहिली: १८ ते २०. थेट छातीच्या यंत्रात ३ मिलिग्रॅमने सुरू करा, फार तर ६. त्यापुढे जावंसं वाटलं तर समजा की यंत्रच दुसरं हवं आहे.

इथे बहुतेकांचा हात आखडतो. निकोटिन कमी घेतलं तर लवकर सुटेल असं वाटतं, आणि तलफ न भागल्यामुळे माणूस पुन्हा सिगारेटकडे जातो. सिगारेटमधलं मोठं नुकसान जळण्यातून येतं, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडमधून. आधी ते थांबवायचं, निकोटिन मागाहून. २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ८८६ जणांवरची ब्रिटनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे व्हेपच्या गटाला पुन्हा भरता येणारं यंत्र आणि १८ मिलिग्रॅमची बाटली देऊन सुरुवात करून दिली होती. वर्षानंतर त्यांतले १८ टक्के सिगारेटमुक्त होते. पट्टी, गम वगैरे घेणाऱ्या गटात ९.९ टक्के. दोन्ही गटांना समुपदेशनाची जोड होती. ती जोड मिळत असेल तर जरूर घ्या.

साधं निकोटिन की सॉल्ट

साधं निकोटिन अल्कलीयुक्त असतं, म्हणून घशाला लागतं. १२ मिलिग्रॅमपर्यंत तो ठसका सिगारेटसारखा वाटतो आणि पुष्कळांना तोच हवा असतो. १८ला तो बऱ्याच जणांना बोचतो. सॉल्टमध्ये बेंझोइक आम्लासारखं एखादं आम्ल मिसळून ती बोच काढलेली असते, त्यामुळे २० मिलिग्रॅमही घशातून मऊ उतरतं.

ही मऊपणाची सोय दुधारी आहे. साधं निकोटिन जास्त झालं की घसाच आधी तक्रार करतो, सॉल्टमध्ये ती घंटा वाजत नाही. शिवाय सिगारेट दहा-बारा झुरक्यांत आपोआप संपते, पॉड संपत नाही. म्हणून पहिले काही दिवस झुरके मोजा. दहा-बारा झुरके घ्या, यंत्र खाली ठेवा, दहा मिनिटं थांबा आणि मग हवं का ते ठरवा. निकोटिन हळूहळू साचतं, त्यामुळे सकाळी छान वाटलेलं तेच लिक्विड संध्याकाळी गरगर आणू शकतं. सॉल्ट मोठ्या टँकमध्ये भरू नये.

लिक्विडचा पाया दोन द्रवांचा असतो. प्रोपिलीन ग्लायकॉल पातळ, चव नीट वाहून नेणारं, घशाला जाणवणारं. ग्लिसरीन दाट, किंचित गोड, ढग करणारं. छोट्या कॉइलची छिद्रं बारीक असतात, तिथे निम्मं-निम्मं मिश्रण योग्य. मोठ्या कॉइलला ७० टक्के ग्लिसरीन. उलटं केलंत तर दाट लिक्विड छोट्या कॉइलच्या कापसापर्यंत वेळेत पोचत नाही आणि कापूस जळतो, पातळ लिक्विड मोठ्या कॉइलमधून गळून हवेच्या वाटेत उतरतं. गळतीच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात. काही जणांना प्रोपिलीन ग्लायकॉल सोसत नाही, घसा सतत खवखवतो. त्यांनी ग्लिसरीनचं प्रमाण वाढवून बघावं.

तेल कधीही भरू नका. खायचं, सुगंधी, औषधी, कोणतंही. अमेरिकेत २०१९ साली फुप्फुसांच्या गंभीर इजेची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांतले मृत्यू ६८. त्यामागचं मुख्य कारण म्हणून गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट, म्हणजे एक तेलकट पदार्थच, पुढे आलं.

नवी कॉइल बसवताना

घाई केली तर नवी कोरी कॉइल पहिल्या झुरक्यातच वाया जाते. कोरड्या कापसावर तार तापली की तो करपतो आणि ती चव नंतर कशानेही जात नाही.

१. कॉइलच्या बाजूला छोटी छिद्रं असतात, आत पांढरा कापूस दिसतो. प्रत्येक छिद्रावर एक-एक थेंब लिक्विड सोडा, वरच्या तोंडातून आत दोन-तीन थेंब. कापूस पांढरा जाऊन ओला, काचेसारखा दिसू लागला की पुरे.

२. कॉइल हाताने घट्ट बसवा, पक्कड लावू नका. पॉड बाजूच्या छिद्रातून भरा, मधल्या नळीत लिक्विड जाऊ देऊ नका. वर थोडी हवा राहू द्या.

३. दहा मिनिटं तसंच ठेवा. दाट लिक्विड असेल तर पंधरा.

४. बटण न दाबता तीन-चार हलके झुरके घ्या, म्हणजे लिक्विड कापसात खेचलं जाईल. आपोआप सुरू होणाऱ्या यंत्रात ही पायरी यंत्र बंद ठेवूनच करा.

५. कॉइलवर वॅटची मर्यादा छापलेली असते, समजा १० ते १४. दहापासून सुरू करा, आठ-दहा झुरक्यांनंतर अर्धा-अर्धा वॅट वाढवत न्या. वाफ कोमट आणि चव स्पष्ट झाली की तिथेच थांबा.

झुरका घ्यायची पद्धतही बदलावी लागते. सिगारेट दोन सेकंद जोरात ओढली जाते. व्हेप तीन-चार सेकंद सावकाश. जोरात ओढलं की जास्तीचं लिक्विड कॉइलमध्ये खेचलं जातं, गुडगुड आवाज येतो आणि जिभेवर कडू थेंब उडतात.

पहिला आठवडा

निकोटिन जास्त होत असेल तर आधी मळमळ, मग डोकं हलकं, कधी उचकी, छातीत धडधड, थंड घाम. यंत्र बाजूला ठेवा, पाणी प्या, मोकळ्या हवेत बसा. साधारण तासाभरात उतार पडतो. उलट्या थांबेनात किंवा शुद्ध हरपू लागली तर रुग्णालय गाठा. कमी पडत असेल तर यंत्र सतत तोंडात राहतं, चिडचिड होते, लिक्विडचा खप दिवसागणिक वाढतो, आणि मुख्य म्हणजे सिगारेटचा विचार सुटत नाही. अशा वेळी वॅट वाढवू नका, निकोटिन एक पायरी चढवा.

दोन गोष्टींचा घोटाळा हमखास होतो. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर निकालात काढत असतं. धूर थांबला की तेवढीच कॉफी जास्त वेळ अंगात राहते. हात थरथरतात, झोप उडते, आणि माणूस दोष निकोटिनला देतो. आधी कॉफी निम्मी करून बघा. याच कारणाने क्लोझापिन, ओलान्झापिन, थिओफिलिन यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. ती चालू असतील तर सिगारेट बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगणं अत्यंत गरजेचं आहे.

तोंड कोरडं पडणं नेहमीचं आहे, लिक्विडमधले दोन्ही द्रव पाणी शोषतात. पाणी जास्त प्या. आणि व्हेपबरोबर दिवसाला पाच-सहा सिगारेटी चालू राहिल्या तर नुकसान फारसं घटत नाही. त्या पाच-सहा कोणत्या वेळच्या, ते टिपणात बघा आणि त्या वेळेआधी दहा मिनिटं व्हेप घ्या. व्हेपमधलं निकोटिन सिगारेटइतकं झटकन चढत नाही, म्हणून तलफेच्या पुढे राहावं लागतं.

बिघाड

जळकी चव आली की लगेच थांबा, तसंच रेटून ओढू नका. तापलेल्या कोरड्या कॉइलवर फॉर्मल्डिहाइडसारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात. लिक्विड कमी आहे का, वॅट जास्त आहेत का, झुरके पाठोपाठ होताहेत का ते बघा. हे तिन्ही ठीक असेल तर कॉइल गेली. कॉइल एक ते दोन आठवडे टिकते. गोड लिक्विडमध्ये सुक्रलोज असतं, ते तारेवर काळा थर धरतं आणि कॉइल चार दिवसांत संपवतं. तुमची कॉइल वारंवार मरत असेल तर आधी फ्लेवर बदलून बघा.

गुडगुड असेल तर पॉड काढा, तोंडाच्या बाजूला कागदी रुमाल लावून झटका, नळीतलं साचलेलं पुसून घ्या. गळती सुरू असेल तर कॉइल नीट बसली आहे का आणि रबरी कडी फाटली आहे का ते तपासा. गरम गाडीत लिक्विड पातळ होऊन गळतं. विमानात हवेचा दाब कमी झाल्याने पॉडमधली हवा फुगून लिक्विड बाहेर ढकलते, तिथे पॉड रिकामं करून न्यावं. यंत्र केबिनच्या बॅगेत ठेवायचं, खाली सामानात द्यायचं नसतं.

सुट्या बॅटरीचं यंत्र असेल तर थोडी शिस्त पाळा. १८६५० जातीची बॅटरी १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब असते. ०.२ ओहमवर साडेअठरा अँपिअर प्रवाह जातो, म्हणून सतत २० अँपिअर देऊ शकणारी नामांकित कंपनीचीच घ्या. वरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलं तर बॅटरी वापरू नका. सुटी बॅटरी खिशात नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर कधीही ठेवू नका. शॉर्ट होऊन ती पेट घेते आणि मांडी गंभीर भाजते. स्वतंत्र डबी लागतेच.

निकोटिन उतरवताना

सिगारेट पूर्ण सुटून निदान दोन-तीन महिने होईपर्यंत याची घाई नको. मग तीन-चार आठवड्यांना एक पायरी. बाजारात १८नंतर थेट १२ असतं, ती उडी मोठी वाटली तर दोन्ही समप्रमाणात मिसळा, १५ तयार होतं. १२ आणि ६ मिळून ९. शून्य निकोटिनचं लिक्विड वापरायचं असेल तर ५० मिलिलीटरमध्ये १८चं १० मिलिलीटर घाला: १८० मिलिग्रॅम भागिले ६० मिलिलीटर, म्हणजे ३ मिलिग्रॅम. बाटलीत जागा आहे ना ते आधी बघा, दोन मिनिटं हलवा आणि नवा आकडा व तारीख लगेच चिकटवा. लेबल नसलेली बाटली वापरू नये. मिसळताना हातमोजे घाला, त्वचेवर सांडलं तर साबणाने धुवा. बाटली मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा. थोडं लिक्विडही लहान मुलाला विषारी ठरतं.

प्रत्येक पायरीनंतर दिवसाला किती मिलिलीटर संपतं ते मोजा. १२वरून ६वर आलात आणि ३ मिलिलीटरचे ६ झाले, तर निकोटिन तेवढंच जात आहे, फक्त वाफ दुप्पट. एक पायरी मागे या, महिनाभर थांबा. ३ मिलिग्रॅमवर पोचल्यावर आकडा सोडून वेळा कमी करा: आधी अंथरुणातला झुरका, मग गाडीतला, मग कामाच्या जागचा. वर सांगितलेल्या चाचणीत सिगारेट सोडलेल्या व्हेपवाल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप करत होते, म्हणून हा टप्पा तारखा घालूनच ठरवा. शेवटच्या महिन्यात खिशात निकोटिनची गम असू द्या, आणि एखाद्या दिवशी तलफ अनावर झालीच तर पाकिटाच्या दुकानाकडे न वळता ठेवलेलं पॉड पुन्हा भरा.